गांधार उतरवायचे पैसे

अमळनेर,
रविवार, रात्री

ती. आई-बाबांस सा. न. वि. वि.

बाबा, फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही आणि दादाने स्पीकर लावला की तिकडे सुरतेत उधन्याची अख्खी चाळ ऐकते, म्हणून लिहायला बसले. 'बेबीने भजनी मंडळाची हार्मोनियमची पेटी दुरुस्त करायचे अठराशे रुपये घेतले' हे मात्र तुम्हाला गावाकडच्या पहिल्याच फोनमध्ये स्वच्छ ऐकू आलं म्हणे! घेतले. नाकारत नाही.

पेटी आणून ठेवली तेव्हाच एक काका म्हणाले, "ताई, देवनी पेटीना पैसा कसाले?" मी चहा टाकला आणि पेटी त्यांच्यासमोर उघडली. यंदाच्या उन्हाळ्याने लाकूड आकसून सांधे सुटले होते, भात्याच्या घडीत उंदराने बोटभर भोक पाडलं होतं. हवा मारावी तेवढी बाहेर. तीन सूर, म्हणजे आतली जिभेची पितळी पानं, मुके. दोनांत नुसती धूळ अडकली होती, पातळ कागद फिरवला तशी बोलू लागले. तिसऱ्याची जीभ मुळाशी चिरली होती, तो बदलावा लागला. कापसाच्या जिनिंगमधून सातला घरी, जेवणं आटोपून साडेनऊला पेटीपाशी. अशा चार रात्री गेल्या.

आणि बाबा, त्या पेटीचा गांधार, आपला 'ग', मी उतरवला. तुम्ही सांगायचात ना, पेटीवर 1940 साली रेडिओने बंदी घातली ती तीस वर्षं राहिली, कारण तिचे सूर ठोकळ्यासारखे. मोबाइलचा ट्यूनर बघून लावलेल्या पेटीचा गांधार आपल्या गळ्याच्या गांधारापेक्षा किंचित चढाच असतो. सगळ्या पट्ट्यांत गाणाऱ्याला ते चालवून घ्यावं लागतं. पण आपलं मंडळ कायम काळी एकमध्येच, पहिल्या काळ्या पट्टीला षड्ज, 'सा', धरून गातं. मग त्याच षड्जाला धरून बाकीचे सूर का लावू नयेत? पितळी जिभेच्या टोकाला घासलं की सूर चढतो, मुळाशी, रिव्हेटजवळ घासलं की उतरतो, हे तुमच्याकडूनच शिकले. दोन ओरखडे, सूर परत पेटीत बसवायचा, भाता मारायचा, षड्जाबरोबर धरून ऐकायचं. थरथर राहिली तर पुन्हा काढायचा. जास्त घासलं तर सूर गेलाच. हरिपाठाला बसले तेव्हा तेच काका थांबून म्हणाले, "आज गळा लवकर लागना."

हे सगळं फुकट करून बघितलंय मी. दोन वर्षं केलं. पेटी कधीही यायची, सप्ताहाच्या आदल्या रात्रीसुद्धा. न्यायला मात्र महिना महिना कोणी यायचं नाही. सूर, कातडं, फेल्ट माझ्या पगारातून. आता आधी भाव सांगते, आगाऊ निम्मे घेते, वहीत लिहून देते की सहा महिन्यांत सूर उतरला तर परत लावून देईन. लोक वेळेवर येतात. गेल्या आषाढापासून 23 पेट्या झाल्या. 38,600 आले, सामानाला 14,200 गेले, उरले 24,400. रात्रींचा हिशोब धरला तर मजुरी फार पडत नाही, पण धंदा तोट्यात नाही. रिटर्न भरताना हे पगारात मिळवून दाखवणार आहे, तेव्हा आई, 'कोणी धरणार तर नाही ना' ही काळजी सोड.

बाकीचे उद्योगही करून झाले. क्लास काढला, तीन पोरं आली, परीक्षा लागल्या तशी पसार. जाऊबाई म्हणतात, कानबाई देवीची गाणी यूट्यूबवर टाक, अहिराणीला फार चालतं. चालत असेल. पण हजार सबस्क्रायबर आणि चार हजार तास जमवत कोण बसतं? मला उघडी पेटी बरी वाटते.

भजनात वाजवायचा मात्र एक रुपया घेतला नाही, घेणारही नाही. तुमचा शब्द तेवढा पाळलाय.

पण एक विचारू? तुम्ही चाळीस वर्षं मंडळाची पेटी फुकट राखलीत, तिचे पैसे कोणी भरले? आई, तू बोलणार नाहीस, मीच बोलते. पालिताण्याहून सूर मागवले ते दुधाच्या पैशांतून. त्या अखाजीच्या सणाला तुला साडी नव्हती, आणि मी शेजारणीला 'आईला रंगच पसंत पडला नाही' असं सांगितलं होतं. आठ वर्षांची होते. कोणी शिकवलं नव्हतं.

असो. मृगाचा पाऊस पडून गेला, दमट हवेने पट्ट्या फुगून अडकायला लागल्यात, म्हणजे आता पेट्यांची रांग लागेल. पडवीत सध्या चार आहेत. त्यातल्या एकीत खरजाचा, खालच्या सप्तकातला, जुना जाड सूर तुटलाय, तसा इथे मिळत नाही. तुमचा सुट्या सुरांचा बिस्किटाचा डबा तुम्ही सुरतेला सोबत नेलात. का नेलात ते मी तेव्हा विचारलं नाही. त्यात काळी एकचा खरज असेल तर पुढच्या शनिवारी दादाचा मित्र भुसावळ पॅसेंजरने येतोय, त्याच्याकडे द्या. कागदात नीट गुंडाळा, जीभ वाकते.

किंमत तुम्हीच सांगा. फुकट घेणार नाही.

तुमची,
बेबी