गिरणी जपायची तर यंत्रांसह

महोदय,

गिरण्यांच्या जागी टॉवर उभे राहतात आणि वारसा म्हणून एखादी चिमणी ठेवली जाते, हे गिरणगावात वाढलेल्या माणसाला पाहवत नाही. म्हणून जपानमधील तोमिओका गावच्या रेशीमधाग्याच्या गिरणीची हकिगत वाचकांपुढे मांडावीशी वाटते.

युरोपातील रेशीमकिड्यांवर पेब्रिन रोग पसरल्याने जपानी रेशमाला मागणी आली; पण घाईने काढलेल्या धाग्याचा दर्जा घसरू लागला, तेव्हा मेइजी सरकारने पॉल ब्रुना या फ्रेंच तज्ज्ञाच्या देखरेखीखाली 1872 मध्ये ही गिरणी उभारली. विटा भाजल्या त्या कौले करणाऱ्या कारागिरांनी, आणि विटांमधल्या फटी भरल्या त्या सिमेंटऐवजी चुन्याने. सुमारे 140 मीटर लांबीच्या दालनात 300 जणींनी कोषांतून धागा काढायचा, अशी योजना होती. ब्रुना यांनी जपानी मुलींच्या उंचीला बेताची यंत्रे करवून घेतली आणि दमट हवेत धागे चिकटू नयेत म्हणून ते दुसऱ्या फाळक्यावर पुन्हा गुंडाळण्याची सोय केली.

परदेशी माणसे रक्त पितात, अशी अफवा उठल्याने (ती पीत होती तांबडी वाइन) मुली कामाला येईनात. तेव्हा पहिले व्यवस्थापक ओदाका अत्सुतादा यांनी स्वतःची मुलगी यू हिला कामावर आणले. 1873 मध्ये मात्सुशिरोहून आलेल्या वादा एइ हिने तर हे कसब आपल्या गावी नेऊन इतरांना शिकवले आणि आठवणीही लिहून ठेवल्या.

मार्च 1987 मध्ये काम थांबले. त्यानंतर 2005 मध्ये गिरणी नगरपालिकेच्या स्वाधीन करेपर्यंत काताकुरा या मालक कंपनीने ती विकली नाही, पाडली नाही, उलट स्वखर्चाने राखली. 2014 मध्ये ती जागतिक वारसा ठरली. धागा काढण्याची शेवटची यंत्रे आजही त्याच दालनात रांगेने उभी आहेत.

माझी आई गिरणीच्या वाइंडिंग (सूत गुंडाळण्याच्या) खात्यात होती. तुटलेल्या धाग्याची दोन टोके बोटांत धरून, न पाहता ती गाठ मारत असे. 1982 च्या गिरणी संपातले कामगार आता वृद्ध झाले आहेत. काळाचौकीच्या नियोजित वस्त्रोद्योग संग्रहालयात चालते साचे (माग) असावेत आणि ते चालवून दाखवायला या कामगारांना आताच बोलवावे, ही विनंती.

– एक वाचक, लालबाग, मुंबई