रानात जा, पण कुणाला तरी सांगून जा

प्रिय रेवा,

काल सगळं बोलून झाल्यावर, फोन ठेवता ठेवता म्हणालीस, अगं मांडीवर लाल चट्टा आलाय, रानात एकटी गेले होते तेव्हा गोचीड चावली असणार, डॉक्टरने गोळ्या दिल्यात, काळजी करू नको. आणि ठेवलास पण. मी तशीच फोन हातात धरून बसले. बाबा काही बोलले नाहीत, पण सकाळी चहाच्या आधीच मोबाईलवर गोचिडीमुळे होणारा तो लाइम डिसीज शोधत बसलेले दिसले, तेव्हा कळलं की त्यांनाही झोप नव्हती.

गोचीड म्हटलं की आपल्या घरात काय होतं ते तुला माहितीये. 2016 ला दोडामार्गात माकडताप आला तेव्हा तू पुण्यात होतीस, आम्ही तुला सगळं सांगायचो नाही. काजूच्या बागेत मेलेलं माकड दिसलं की वाडीभर बातमी, आरोग्यवाले येऊन गोचीड चावू नये म्हणून डीएमपी तेल वाटून जायचे, ते हातापायांना चोळल्याशिवाय मी बाबांना उंबरठा ओलांडू द्यायचे नाही. आणि सुमनकाकी. तिचं तर फक्त पातेरा गोळा करायला जाण्याचं निमित्त झालं. तेव्हापासून सुक्या पाल्यात कुणी पाय घातला तरी माझ्या पोटात गोळा येतो, आता त्याला मी तरी काय करू.

हो, कळतंय मला की तुझं ते वेगळं आहे. माकडताप व्हायरसचा, त्यावर खास असं औषध नाही, आणि हा लाइम बॅक्टेरियाचा, ॲन्टिबायोटिकने बरा होतो. बाबांनी वाचून दाखवलं की तसा वाढत जाणारा चट्टा दिसला की तिथे रक्ताच्या रिपोर्टची वाटसुद्धा बघत नाहीत, 21 दिवस डॉक्सीसायक्लिन देतात. म्हणजे तुझ्या डॉक्टरने बरोबर केलंय. फक्त बरं वाटलं म्हणून मध्येच सोडू नकोस, तुझी ती सवय आहे. भरपूर पाण्याबरोबर घे, घेतल्यावर लगेच आडवी होऊ नकोस, आणि त्या गोळीने ऊन बाधतं म्हणे, तेव्हा जूनचं ऊन आहे तिकडे तर बाह्या असलेलं काहीतरी घालत जा. चट्टा पेनाने आखून ठेव आणि रोज फोटो पाठव. बरं, रोज नको, एक दिवसाआड पाठव.

पण खरं सांगू का, चट्ट्याचं मला तेवढं नाही. तू एकटी गेली होतीस हे माझ्या डोक्यातून जात नाहीये.

हे लिहायचं नाही असं ठरवून बसले होते. तू बत्तीस वर्षांची आहेस, स्वतःचं भाडं भरतेस, लॅबमध्ये तुझ्या हाताखाली मुलं काम करतात. आणि ते रान काही आंबोलीचा घाट नाही, मी स्वतः बघितलंय. एप्रिलमध्ये आम्ही तुझ्याकडे इंग्लंडात आलो तेव्हा आपण त्या रानात, हेली वूडला गेलो, तो दिवस मला आख्खा आठवतो. मीनलने गाडी रस्त्याच्या कडेला त्या पाण्याच्या टाकीपाशी लावली आणि मग कुंपणाच्या झुडपांच्या कडेकडेने आपण चालत गेलो, केवढा तो चिखल, चिकणमाती नुसती, बाबांचा बूट रुतला तर काढायला तू आणि मीनल दोघी. शेताच्या मधून वाट जाते आणि कुणी हटकत नाही ह्याचं बाबांना फार वाटलं. नकाशावर हिरव्या तुटक रेघेने दाखवलेली वहिवाट, शेत दुसऱ्याचं, गहू त्याचा, पण चालायचा हक्क सगळ्यांचा! आप्पांच्या कुंपणाची केस किती वर्षं चालली ते आठवून बाबा तिथे उभे राहून हसत होते.

आणि ती ऑक्सलिपची फुलं. मी खाली बसून बघितलं होतं, चष्मा काढून. एका दांड्याच्या टोकाला झुपका, सगळी फुलं एकाच बाजूला मान टाकलेली, फिकट पिवळी, आत जरासा गडद पट्टा, दांड्यावर बारीक लव, आणि पानं खाली सुरकुतलेली. तू म्हणालीस की इंग्लंडात हे फूल फक्त ह्या पूर्वेकडच्या भागातच, चिकणमातीच्या जुन्या रानांत येतं. किती वेळ तू बोलत होतीस. 1251 साली ईलीच्या बिशपच्या लोकांनी ह्या रानाची मोजणी करून 80 एकर म्हणून लिहून ठेवलंय, आणि रान आजही तिथेच आहे. 1251, म्हणजे आपल्याकडे देवगिरीला यादवांचं राज्य होतं! जुन्या रानांचा इतिहास लिहिणाऱ्या तुझ्या त्या ऑलिव्हर रॅकमसाहेबांचं नाव तू असं घेत होतीस जसं मी आमच्या प्रधान बाईंचं घेते. मला वाटलं, शाळेत वर्गासमोर उभी राहायला रडायची ती हीच का पोरगी, आणि इथे परक्या देशात उभी राहून आईबापाला आठशे वर्षांचा हिशोब सांगतेय. तेव्हा काही बोलले नाही मी. आत्ता लिहिते.

ते ठोंबही मला फार आवडले. झाड जमिनीलगत तोडायचं, मग ठोंबाला चहूबाजूंनी धुमारे फुटतात, ते वाढले की पुन्हा तोडायचे, असं शेकडो वर्षं, आणि झाड मरायच्या ऐवजी म्हातारं होत होत रुंद होत जातं. तोडलेल्या तुकड्यात ऊन उतरतं आणि पुढच्या एकदोन वसंतात तिथे फुलंच फुलं. बाबा म्हणाले आपल्याकडे भाजवळीसाठी, म्हणजे भाताची जमीन भाजायला, ऐनाचे टाळ तोडतात तसंच हे, फक्त आपण वरून तोडतो. मग मीनल म्हणाली की हरणं ते कोवळे धुमारे आणि ऑक्सलिपची फुलं दोन्ही खाऊन टाकतात म्हणून रानाला जाळीचं कुंपण घालावं लागलं.

आणि तेवढ्यात ते ओरडलं. आठवतंय ना? मी म्हटलं भेकर! तू हसलीस, म्हणालीस आई हे इंग्लंड आहे. पण भेकरच होतं ना शेवटी, मुंटजॅक, आपल्या भेकराचं चिनी भावंड, वोबर्नच्या इस्टेटीत आणलेलं तिथून सुटून देशभर पसरलेलं. तोच भुंकल्यासारखा आवाज, थांबून थांबून, आजोळी सड्यावर रात्री ऐकायचे तो. मला तिथे एकदम घरच्यासारखं वाटलं. तुझ्या रानात माझं भेकर. आणि आता बाबा वाचून सांगतात की गोचिडी ह्या हरणांच्याच अंगावर पोसतात. त्या आवाजाने मला तेव्हा जो धीर आला होता तो ह्या एका वाक्याने गेला बघ.

बारक्या गोचिडी खसखशीच्या दाण्याएवढ्या असतात, दिसणारही नाहीत. म्हणून फिकट रंगाची पँट, पायमोज्यात खोचलेली, आणि वाटेवरूनच चाल, गवतात शिरू नकोस. घरी आल्यावर गुडघ्यामागे, काखेत, केसांच्या कडेला बघायचं. सापडली तर बारीक टोकाच्या चिमट्याने अगदी कातडीलगत धरून सरळ वर ओढ. आजी म्हणतेय खोबरेल लाव म्हणजे आपोआप सोडते. ते करू नकोस, आजीला मी सांगितलंय की तू लावलंस. आणि गुडघ्यामागे, पाठीवर एकटीने कसं बघणार? परत तिथेच आले ना मी.

लेक्चर होतंय, माहितीये. सॉरी. शिक्षिकेची मुलगी आहेस, तुझ्या वाट्याला आलंच हे.

निखिलचा विषय काढायचा नाही असं मी बाबांना बजावलंय, म्हणून मीही काढत नाही. एवढंच म्हणते की पूर्वी तू रानात जायचीस तेव्हा संध्याकाळी दोघांचा फोटो यायचा, मग मी शांत असायचे. आता रविवारी दुपारी तुझा फोन लागत नाही आणि मला कळतं, ही तिथे आहे. तू म्हणतेस तिथे डोकं शांत होतं. होत असेलच. तू लहानपणी रुसलीस की पाटाच्या कडेने काकांच्या पोफळीत जाऊन बसायचीस, आजोबा लांब उभे राहून बघत असायचे पण तुला कधी कळू दिलं नाही त्यांनी. मला तसं लांब उभं राहता येत नाही, सात हजार किलोमीटर म्हणजे लांबसुद्धा नाही गं, ते नसल्यासारखंच आहे.

आणि ती ॲशची झाडं! तूच दाखवलीस, बुरशीने शेंडे वाळलेले, ती बुरशी 2012 मध्ये इंग्लंडात पहिल्यांदा सापडली आणि तेव्हापासून झाडं मरतायत. वाळलेली फांदी कधी खाली येईल सांगता येत नाही. वारा असेल त्या दिवशी जाऊ नकोस. किंवा जा, पण व्हॉट्सॲपवर लाइव्ह लोकेशन लावून मीनलला पाठव. मला नको पाठवू, मी ठिपका बघत बसेन आणि तो हलला नाही की फोन करेन.

परवा बाबा त्या बोर्न गावच्या पवनचक्कीचे फोटो सगळ्यांना दाखवत होते, 1636 साली ती उभी होती ह्याची नोंद आहे आणि अख्खी लाकडी खोली एका खांबावर वाऱ्याकडे तोंड करून फिरवायची, हे त्यांनी पोस्टमनलासुद्धा सांगितलं. पण सांगताना सुरुवात दरवेळी "आमच्या रेवाने नेलं होतं" अशीच करतात.

एक सुचवू? तू म्हणाली होतीस की हिवाळ्यात त्या रानात तोडणीच्या कामाला स्वयंसेवक येतात, कोयती-करवत घेऊन, थर्मासमधून चहा वगैरे. त्यांच्यात नाव घाल ना. तुला ते ठोंब एवढे आवडतात तर तुझ्या हातूनही एखादा तोडला जाऊ दे, आणि चार माणसं ओळखीची होतील, त्यात एखादी बाई असेल माझ्या वयाची. मग एरवी एकटी गेलीस तरी तिथल्या कुणाला तरी तुझा चेहरा माहीत असेल. एकटी जाऊ नको असं मी आता म्हणणार नाही. म्हणजे आत्ता म्हणत नाहीये.

मीनलची सासू 14 तारखेला निघतेय, तिच्याबरोबर आगळ, कुळथाचं पीठ आणि फिकट रंगाच्या दोन सुती पँटी पाठवतेय, मापाच्या होतील असं बघून घेतल्यात, कमरेला सैल झाल्या तर नाडी आहे. गोळ्या किती राहिल्या ते कळव.

आई

ता.क. बाबांचं बीपी ठीक आहे, तू विचारलं होतंस ते राहूनच गेलं.