एकाच बाजूचा सायनस? दाढा दाखवा

महोदय,

थंडी सुरू झाली की आपल्या आरोग्याच्या पानावर सायनससाठी वाफ, हळद, निलगिरी सगळं येतं. दातांचं नाव कधी निघत नाही, म्हणून हे पत्र.

मी एस.टी.त वाहक होतो, ३१ वर्षं. निवृत्त झालो आणि दुसऱ्याच वर्षी नाक चोंदायला लागलं. फक्त उजवं. बुटाची नाडी बांधायला वाकलो की डोळ्याखाली गच्च भरून यायचं आणि रुमालात पिवळं, घाण वासाचं पडायचं. वासानं जेवण जाईना. बायकोला मात्र काहीच यायचा नाही. ‘तुमच्या मनातच वास आहे,’ म्हणायची. १४ महिन्यांत अँटिबायोटिकचे चार कोर्स झाले. गोळ्या संपल्या की आठवड्यात पुन्हा तेच.

सीटी स्कॅनच्या रिपोर्टात ‘उजव्या मॅक्सिलरी सायनसचं (म्हणजे गालाच्या हाडातल्या पोकळीचं) अस्तर जाड’ एवढंच होतं. हे अस्तर निरोगी माणसात जेमतेम १ मिलिमीटर असतं. २ च्या पुढे गेलं की जाड धरतात. माझं ८ होतं. कशामुळे, ते कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

पुढे हिरडीतून रक्त येतं म्हणून दंतवैद्याकडे गेलो. त्यांनी खुणा असलेली बारीक सळई हिरडीच्या फटीत सरकवली. ३ मिलिमीटरपर्यंत ठीक. वरच्या उजव्या दाढेशी ती ७ आत गेली. (२० वर्षं मिश्री लावली, लपवत नाही.) मग त्यांनी जुन्या स्कॅनची सीडी मागवून लावली. दाढेच्या मुळांभोवतीचं हाड झिजलेलं आणि नेमकं त्याच्या डोक्यावर अस्तर फुगलेलं. वरच्या दाढांची मुळं आणि सायनसचा तळ यांच्यामध्ये हाडाचा पापुद्राच असतो, काहींना तोही नसतो. आमच्या चाळीत वरच्यांची मोरी खाली गळायची, इथे खालची घाण वर चढली. मग दाढ दुखली कशी नाही? १२ वर्षांपूर्वीच तिचं रूट कॅनल करून कॅप बसवली होती. नसच काढलेली, ओरडणार कोण?

हे ज्ञान नवं नाही म्हणे. इंग्लंडच्या हायमोर नावाच्या डॉक्टरने १६५१ साली या पोकळीचं वर्णन केलं, त्यातही दात काढल्यावर तिथून पाझर सुरू झालेल्या बाईची हकिगत आहे.

दाढ काढली. दोन आठवडे नाक शिंकरायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडं ठेवायचं, हे पथ्य. तीन महिन्यांनी अस्तर २ वर आलं.

सगळ्यांचाच सायनस दातांचा नसतो. सर्दी-ॲलर्जीनेही अस्तर जाड होतं. पण एकाच बाजूला आणि घाण वासाचा असेल, तर नाकाच्या डॉक्टरांनी एकदा ‘आ करा’ म्हणावं. आणि सीटीच्या रिपोर्टात वरच्या दाढांच्या मुळांविषयी एक ओळ लिहावी. फोटोत ती दिसतच असतात.

— एक निवृत्त एस.टी. वाहक, मिरज