द्राक्षबागेतील मजुरांचे खांदे

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

ऑक्टोबर छाटणीनंतर दिंडोरी-निफाडच्या बागांत मणी विरळणी (घडातील जास्तीचे मणी कात्रीने काढणे) सुरू झाली, की पंचवटीतील माझ्या उपचार केंद्रात दरवर्षी त्याच तक्रारी घेऊन बायका येऊ लागतात. हात वर जात नाही, वेणी घालता येत नाही, रात्री त्या कुशीवर झोपता येत नाही. यांतील अनेकजणी पेठ-सुरगाण्याकडून कामासाठी आलेल्या असतात आणि बहुतेकींनी तोवर ‘वात भरला’ म्हणून खांदा चोळून, ओढून घेतलेला असतो. हे दुखणे कामाच्या पद्धतीतून येते, हे बागायतदारांच्या लक्षात यावे म्हणून हे पत्र लिहीत आहे.

खांदा हा उखळीचा सांधा आहे, हे आपण शाळेत शिकतो. मात्र खुब्याची उखळ खोल असते, तर खांद्याची इतकी उथळ, की दंडाच्या हाडाचा गोल माथा तिच्यात जेमतेम पाव ते एक तृतीयांश एवढाच टेकतो. म्हणूनच हात सर्व दिशांना फिरतो. पण माथा जागेवर धरून ठेवण्याचे काम फऱ्यापासून, म्हणजे पाठीवरील खांद्याच्या चपट्या हाडापासून, निघणाऱ्या चार लहान स्नायूंवर येते. त्यांना रोटेटर कफ म्हणतात. त्यांपैकी सर्वांत वरच्या स्नायूचा कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारा दोर) खांद्याच्या टोकावरील हाडाखालच्या चिंचोळ्या फटीतून जातो आणि हात वर उचलताना ती फट आणखी अरुंद होते. हात डोक्यावर पूर्ण १८० अंश नेताना साधारण १२० अंश या सांध्यात, तर उरलेले ६० अंश फरा बरगड्यांवरून सरकल्यामुळे मिळतात. पाठ थकली की फरा नीट सरकत नाही आणि कंडरा अधिकच चेपला जातो.

मांडवाच्या बागेत घड डोक्यावर लोंबतात. विरळणी करणारी बाई दिवसभर मान आणि दोन्ही हात वर करून उभी असते. कात्रीचे वजन किरकोळ असले, तरी एका हाताचेच वजन शरीराच्या सुमारे ५ टक्के, म्हणजे ५० किलोच्या बाईत अडीच किलो असते. ते तासन्‌तास तोलून धरणे ही साधी गोष्ट नाही.

हात वर न जाण्याचे कारण प्रत्येक वेळी एकच नसते. कंडरा फाटला असेल, तर रुग्णाला स्वतः हात उचलता येत नाही, पण दुसऱ्याने उचलल्यास तो बराच वर जातो. सांध्याभोवतीचे आवरण आकसले असेल, तर दुसऱ्याने उचलूनही जात नाही. हा दुसरा प्रकार, म्हणजे फ्रोझन शोल्डर, मधुमेहींमध्ये अधिक आढळतो. दोन्हींचे उपचार निराळे आहेत, त्यामुळे तपासणीपूर्वी खांदा कोणाकडूनही ओढून घेऊ नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

बागायतदारांना फार खर्च करावा लागणार नाही. बुटक्या बायकांना उभे राहण्यासाठी फूटभर उंचीचे, मऊ मातीत न कलणारे रुंद पायांचे स्टूल द्यावे, म्हणजे घड छातीच्या जवळ येतील. तासाभराने दहा मिनिटे हात खाली राहील असे काम द्यावे. कापलेले मणी गोळा करणे, क्रेट उचलून ठेवणे अशी कामे बागेत असतातच. मजुरी घडांवर वा एकरावर ठरलेली असेल, तर ही दहा मिनिटे कोणी स्वतःहून घेणार नाही, म्हणून ती मुकादमानेच ठरवून द्यावीत.

— एक फिजिओथेरपिस्ट, पंचवटी, नाशिक