स्पाइकबद्दल, ओजससाठी

प्रिय सुधीर,

परवा फोनवर तू विचारलंस ना की तो हिरवा जाडजूड डायनासोर कोण रे, आमचा ओजस पुन्हा पुन्हा त्याचाच पिक्चर लावायला लावतो, आणि मागून वहिनींचा आवाज आला की एवढे बडबडे प्राणी आहेत त्यात आणि अजून न बोलणाऱ्या ह्या पोराला नेमका मुकाच आवडला. मी ऑफिसात होतो, धड बोलता आलं नाही, पण तेव्हापासून डोक्यात तेच चाललंय म्हणून आज निवांत बसून लिहितोय.

त्याचं नाव स्पाइक. पिक्चर 'द लँड बिफोर टाइम', १९८८ चा. डॉन ब्लूथ म्हणून दिग्दर्शक आहे, डिस्नेतून १९७९ ला बाहेर पडला आणि स्वतःचा स्टुडिओ काढला, हा पिक्चर आयर्लंडमध्ये डब्लिनला बनवला. निर्मात्यांत स्पीलबर्ग आणि जॉर्ज लुकास. गोष्ट साधीच आहे, दुष्काळ पडलाय, भूकंप झालाय, पाच पिल्लं आपापल्या कळपापासून तुटलीयेत आणि ग्रेट व्हॅली नावाची हिरवी दरी शोधत निघालीयेत. लिटलफूट लांब मानेचा, सेरा तीन शिंगांची आणि हट्टी, डकी छोटीशी आणि अखंड बोलणारी, पेट्रीला पंख आहेत पण उडायची भीती वाटते, आणि पाचवा स्पाइक, स्टेगोसॉरस, म्हणजे पाठीवर उभ्या पट्ट्या असलेला. (खरा स्टेगोसॉरस आणि तो मोठा मांसाहारी टी-रेक्स यांच्यात जवळजवळ ८ कोटी वर्षांचं अंतर आहे, म्हणजे टी-रेक्स आपल्याला जेवढा जवळ तेवढाही स्टेगोसॉरसला नव्हता, पण पिक्चरमध्ये दोघं एकत्र आहेत आणि मला ते अजिबात खुपत नाही.)

स्पाइकची एन्ट्री परत एकदा नीट बघ. डकीला गवतात एक अंडं सापडतं, एकटंच, आजूबाजूला आई नाही बाप नाही कोणी नाही. अंडं फुटतं आणि आतून हा निघतो, अंगाने डकीच्या कितीतरी पट मोठा, डोळे अर्धवट मिटलेले, आणि जन्मल्या जन्मल्या समोरचं गवत खायला लागतो. डकी त्याला नाव देते, चल म्हणते, खाण्याची लालूच दाखवत दाखवत सोबत आणते, आणि संपलं, तो त्यांचा झाला. कोणी विचारत नाही की हा बोलत का नाही. सबंध पिक्चरमध्ये कोणी विचारत नाही रे! शेवटी ग्रेट व्हॅलीत पोचल्यावर डकीचे आईबाप त्यालाही आपल्या पोरांत घेतात. मला तर तो क्षण लिटलफूटला त्याचे आजीआजोबा भेटतात त्याच्याइतकाच मोठा वाटतो, कारण लिटलफूटची वाट बघणारं कोणीतरी होतं, स्पाइकची वाट बघणारं कोणीच नव्हतं.

आणि एक गोष्ट माहितीये का, ह्या पिक्चरमध्ये मुळात कोणी बोलूच नये अशी आधी कल्पना होती. डिस्नेच्या 'फँटेशिया'त डायनासोरचा भाग आहे ना, नुसत्या संगीतावर, तसं काहीतरी करायचं होतं. मग लहान मुलांना कळणार नाही, कंटाळतील म्हणून संवाद घातले. मला नेहमी वाटतं की त्या पहिल्या कल्पनेतला एकच जण उरला तो म्हणजे स्पाइक. जेम्स हॉर्नरचं संगीत आणि स्पाइकचा चेहरा, एवढ्यावर सीन कळतो. लाव्हारसात डकी आणि स्पाइक अडकतात तेव्हा डकी ओरडते, पण भीती किती आहे ते मला त्याच्या डोळ्यांत जास्त दिसतं.

डकीचा आवाज दिलाय ज्युडिथ बार्सी नावाच्या मुलीने. पिक्चर नोव्हेंबर १९८८ मध्ये आला आणि ती त्याच वर्षी जुलैमध्ये गेली, फक्त दहा वर्षांची होती, बापानेच मारलं तिला आणि तिच्या आईला. हे तुला सांगू की नको असं झालं होतं, पण मला हे कळलं तेव्हापासून डकी त्या पिल्लाला कळकळीने चल चल म्हणते ते ऐकताना गळा दाटून येतो.

पुढे ह्याचे तेरा भाग आले, १९९४ ते २०१६, सगळे थेट व्हिडिओवर, ब्लूथचा त्यात हात नाही. चित्रं साधी, गाणी खूप, आणि काही भाग खरंच पातळ आहेत. पण स्पाइकला त्यांनी जपलंय. त्याचा आवाज रॉब पॉलसनने दिलाय, म्हणजे आपल्या 'पिंकी अँड द ब्रेन' ह्या कार्टूनमधला पिंकी! एवढा बडबड्या माणूस इथे नुसतं गुरगुरतो, हुंकारतो, मचमच खातो, आणि त्यातून राग वेगळा, लाज वेगळी, भूक वेगळी बरोब्बर कळते.

चौथा भाग आहे १९९६ चा, त्यात डकीला पळवून नेतात. सगळे हाका मारतायत, शोधतायत, आणि तेव्हा स्पाइकच्या तोंडून पहिल्यांदा शब्द निघतो, "डकी!" बस. एवढाच. आणि मला जे सगळ्यात आवडतं ते पुढे आहे, तो बोलला म्हणून नंतर पोपटासारखा बोलायला लागत नाही, परत आपला जसा होता तसा. लिहिणाऱ्यांनी त्याला बरा वगैरे केला नाही. त्याच्यात बिघडलेलं काही नव्हतंच.

आठव्या भागात, २००१ च्या, दरीत बर्फ पडतो, खायची वानवा होते, आणि स्पाइकच्या जातीचा कळप येतो. डकी त्याच्या घोरण्यावर वैतागलेली असते, भांडण झालेलं असतं, आणि तो त्या कळपाबरोबर जायचं ठरवतो. डकीची आई त्याला अडवत नाही, त्याचा निर्णय त्याला घेऊ देते. मग डकी त्याला शोधत बर्फात निघते आणि शेवटी तो परत येतो. सुधीर, केवढा निर्णय आहे तो, रक्ताचे की वाढवलेले, आणि तो एकही शब्द न बोलता घेतो, आणि आपल्याला पूर्ण पटतो.

दिवाळीत तुझ्याकडे आलो होतो तेव्हा ओजसने माझं बोट धरून मला गच्चीवर नेलं होतं, टाकीच्या मागे मांजराची पिल्लं होती ती दाखवायला. तिथे उकिडवा बसला, मला पण खाली बसवलं, आणि एक पिल्लू हलल्यावर माझ्या तोंडाकडे बघितलं, मी बघितलं ना याची खात्री करायला. वहिनींना सांग त्या पोराने मला सगळं सांगितलं होतं. स्पीच थेरपिस्टकडे जायचं म्हणताय तर जरूर जा, कानही तपासून घ्या, त्यात उशीर करू नका, मी मनापासून सांगतोय. पण "बोल ना, बोल ना रे, काका आलेत बघ" असं चारचौघांत त्याच्या मागे लागणं मात्र बंद करा, आजींना पण तूच सांग, तुझं ऐकतील.

आणि पहिला भाग लावशील तर तू शेजारी बस. सुरुवातीला लिटलफूटची आई जाते, तो सीन लहान मुलांना फार लागतो, माझी पोरगी उशीत तोंड खुपसून रडली होती. ओजस काही बोलणार नाही, पण हात धरेल, तेव्हा मोबाईल लांब ठेव. चौथा भाग माझ्याकडे आहे, पुढच्या महिन्यात येईन तेव्हा घेऊन येतो, आपण सगळे मिळून बघू.

वहिनींना आणि आजींना नमस्कार, ओजसला पापा.

तुझा,
मंदार