बाबांच्या रंगीत काचांबद्दल

ती. आई-बाबांस,
सा. न.

हा विषय निघाला की बाबा ‘सगळं बरं आहे’ म्हणत फोन तुझ्या हातात देतात, म्हणून लिहितेय. आई, त्यांना मोठ्यानं वाचून दाखव.

बाबा, तो रस्त्यावरून घेतलेला काळा गॉगल आता राहू द्या. काळी काच सगळाच उजेड कापते, आणि तुमच्यासारखी आतल्या पडद्याच्या मधोमध झीज (मॅक्युलर डीजनरेशन) झालेल्या डोळ्याला उजेडच तर जास्त लागतो. शिवाय स्वस्त काच अतिनील किरण अडवतेच असं नाही. तिच्याआड बाहुली मोठी होते, मग ते उलट जास्तच आत जायचे.

पिवळ्या-नारिंगी काचेचं काम वेगळं. निळा प्रकाश डोळ्यात जास्त विखुरतो आणि चकाकी वाढवतो. नेमका तोच ती अडवते, म्हणून पायरीची कड, फुटपाथचा काठ उठून दिसतो. काही फिल्टरांवर 511, 527, 550 असे आकडे असतात. साधारण तेवढ्या नॅनोमीटरच्या खालचा प्रकाश ते रोखतात. आकडा वाढला की रंग लालसर होत जातो, पण मोठा आकडा म्हणजे भारी चष्मा असं मुळीच नाही. कुठला मानवेल ते लावूनच कळतं, तेही दुकानाच्या ट्यूबलाइटखाली नाही, बाहेर उन्हात. आहे त्या चष्म्यावर बसणारे, बाजूनं झाकलेले प्रकारही मिळतात. वर तुमची टोपी असेलच.

यानं झीज भरून येणार नाही, हे आत्ताच सांगते. नंतर ‘पैसे वाया गेले’ नको. या काचेतून रंगही फसवतील, म्हणून गोळ्या आईच काढून देईल. नोटा बोटांनी ओळखायच्या: शंभराच्या कडांना चार उठावाच्या तिरक्या रेघा, दोनशेला चार रेघा आणि मध्ये दोन गोल, पाचशेला पाच रेघा. जुन्या मळक्या नोटेवर त्या नीट लागत नाहीत, तेव्हा लांबी बघा. नव्या नोटांत या तिघींपैकी पाचशेची सगळ्यांत लांब, पण जुनी मोठी शंभराची तिच्याहूनही लांब असते, तिथे फसू नका. संध्याकाळनंतर मात्र ही काच लावून बाहेर पडायचं नाही.

डॉक्टरांनी दिलेला चौकटींचा कागद फ्रिजवर लावलाय ना? वाचायचा चष्मा लावून, एकेक डोळा झाकून बघत जा. रेघा अचानक वाकड्या दिसल्या किंवा मध्ये नवा डाग आला, तर माझ्या फोनची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. झिजेचा ओला प्रकार, म्हणजे पडद्याखाली रक्त-पाणी झिरपणारा, असला तर इंजेक्शन लवकर मिळायला हवं.

लो व्हिजन क्लिनिकची (कमी दिसणाऱ्यांना असे चष्मे लावून बघायला देतात तिथली) वेळ दुपारचीच घ्या, म्हणजे काचा उन्हात तपासता येतील. बाहुली मोठी करायचे थेंब त्याआधी घालू नका म्हणावं. आणि आई, तूही हौसेनं लावून बघशील. पण ‘यांना हाच छान दिसतो’ म्हणून फ्रेम पसंत करायची नाही.

तुमची,
वैशू