आमदाराचे मत आणि आपण

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. राष्ट्रपतीला आमदार-खासदारच निवडणार असतील तर त्याला लोकशाही कशाला म्हणायचे, हा तुझा सवाल चार दिवस डोक्यात घोळत होता. शेवटी तुझ्याच पाकिटाच्या पाठीवर मी हिशेब मांडला. १९७१ च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या ५,०४,१२,२३५ होती. तिला विधानसभेच्या २८८ जागांनी आणि मग १००० ने भागले की आपल्या आमदाराच्या मताचे मूल्य १७५ येते, म्हणजे त्याचे एक मत १७५ मतांएवढे मोजतात. गोव्याच्या आमदाराचे येते २०, उत्तर प्रदेशातल्याचे २०८. शिक्का आमदाराचा असला तरी मोजली जातात ती माणसेच. मात्र २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेचे आकडे प्रसिद्ध होईपर्यंत ही मोजणी १९७१ वरच गोठवलेली असल्यामुळे, तेव्हा पाळण्यात असलेला तू तिच्यात आहेस आणि तुझ्याहून काही महिन्यांनी धाकटा असलेला मी नाही!

तू म्हणतोस तशी थेट निवडणुकीची मागणी घटना समितीत तिचे एक सदस्य के. टी. शहा यांनी केली होती. ज्याच्या हाती खरी सत्ता द्यायची नाही त्याला कोट्यवधी मतदारांकडून निवडून आणणे विसंगत ठरेल, असे नेहरूंचे म्हणणे होते, आणि मला ते पटते. कारण देशभर प्रचार करून निवडून आलेला राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने मुकाट्याने सही करील, असे मला वाटत नाही. (शहा पुढे १९५२ मध्ये त्याच अप्रत्यक्ष निवडणुकीत राजेंद्रप्रसादांविरुद्ध उभे राहिले आणि हरले.)

तेव्हा अप्रत्यक्षपणाशी माझे भांडण नाही. मला खुपते ते गुप्त मतदान. या निवडणुकीत पक्षाला व्हिप, म्हणजे अमुकालाच मत द्या असा आदेश, काढता येत नाही. त्यामुळेच १९६९ मध्ये इंदिरा गांधींच्या सदसद्विवेकाच्या हाकेला ओ देऊन काँग्रेसच्या अनेकांनी पक्षाचे अधिकृत उमेदवार संजीव रेड्डी यांना डावलले, आणि तिसरे उमेदवार आपले चिंतामणराव देशमुख यांना पहिली पसंती देणाऱ्या मतपत्रिकांवरची दुसऱ्या पसंतीची मते मोजल्यावर (इथे मतदार उमेदवारांना पसंतीक्रम देतो) व्ही. व्ही. गिरी निवडून आले. पक्षाच्या धाकापासून आमदाराला आडोसा हवा, हे मान्य. पण तोच आडोसा आमदार आणि मी यांच्यामध्येही उभा राहतो. माझे मत गुप्त, कारण मी कोणाचा प्रतिनिधी नाही. आमदार मात्र पावणेदोन लाख माणसांच्या वतीने मत देतो आणि कोणाला दिले ते त्यांनाच कळत नाही. २००७ मध्ये शिवसेनेने भाजपबरोबरच्या युतीचा धर्म बाजूला ठेवून काँग्रेसच्या प्रतिभाताई पाटील यांना पाठिंबा दिला, तो निदान उघडपणे. म्हणून त्याबद्दल कोणी शाबासकी देऊ शकले, कोणी जाब विचारू शकले.

राज्यसभेच्या निवडणुकीत तर २००३ पासून आमदाराला मतपत्रिका पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवावी लागते. म्हणजे एका ठिकाणी पक्षाला दिसते, दुसऱ्या ठिकाणी कोणालाच नाही, आणि मतदार दोन्हीकडे दाराबाहेरच. निकालानंतर काही दिवसांनी तरी आमदारांची मते जाहीर करावीत, असे मला वाटते. त्याने पक्षांचा धाक वाढेल, असे तू म्हणशील. वाढेलही, पण तो धोका मी पत्करीन.

जुलै २०२२ मधल्या राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत मुंबईच्या विधान भवनात आपल्या मतदारसंघाच्या आमदारांनी मुर्मूंना मत दिले की यशवंत सिन्हांना, हे तुला छातीठोकपणे सांगता येईल का? येत असेल तर उलट टपाली कळव.

तुझा,
धाकटा मित्र